दुपारच्या पाळीतले चिमटे

माणसं काम करून दमतात. धाकटी दमूनच कामाला यायची. घरी अंथरुणाला खिळलेले सासरे, शाळेत जाणाऱ्या दोन पोरी, आणि नवरा असा, की एकदा स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला भरून घेतला तर चार दिवस त्याचंच कौतुक सांगत फिरेल. हे सगळं आवरून, केस कसेबसे बांधून ती त्या अंधाऱ्या हॉलमधल्या आपल्या टेबलापाशी येऊन टेकली, की तिच्या मनात पहिला विचार यायचा तो एवढाच: चला, निदान बसायला तरी मिळालं.

हॉलला खिडक्या होत्या, पण त्यांना काळे पडदे ठोकून टाकले होते. उजेड फक्त टेबलांवर. प्रत्येक टेबलाचा माथा पांढराशुभ्र, त्यावर वरून फिल्मचा फोटो पडायचा, आणि पायाशी एक पेडल. पेडल दाबलं की पुढचा फोटो. टेबलांवर सगळ्या बायकाच. पुरुषांना हे काम जमत नाही, असं त्या अभिमानाने म्हणायच्या. खरं म्हणजे पुरुषांना एवढ्याशा पगारात बसवत नव्हतं, पण अभिमान बाळगायला कुणाच्या बापाचं काय जातं.

फोटो कसले, तर विश्व ज्या विटांनी बांधलंय त्या विटांचे. असं प्रयोगशाळेचे साहेब म्हणायचे. दूर दुसऱ्या शहरात एक अजस्र यंत्र होतं, त्याला एक टाकी, टाकीत हाडं गोठतील इतका थंड द्रव. त्या द्रवातून कण सोडायचे. कण इतका बारीक की त्याच्यापुढे धुळीचा ठिपकासुद्धा डोंगर. तो स्वतः कधीच दिसत नाही, पण जाताना मागे बुडबुड्यांची ओळ सोडतो, आणि तेवढ्यात कॅमेरा उघडून मिटतो. म्हणजे फोटो कणाचा नव्हे, त्याच्या वाटेचा. असे फोटो रिळांवर रिळं भरून पत्र्याच्या डब्यांतून यायचे, आणि बायका ते एकेक करून बघायच्या.

साहेबांच्या पुस्तकांत त्या रेघांना भारी भारी नावं होती. बायकांनी आपली ठेवली होती. नाकासमोर चालणारी ती काठी. स्वतःभोवती गरगरत लहान लहान होत जाणारा तो भोवरा. एका जागेवरून फिसकारलेल्या पुष्कळ रेघा म्हणजे झाडू. आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता, तो चिमटा. फोटोत एक मोकळी जागा असते, तिथे कुठूनही रेघ येत नाही, आणि अचानक त्या रिकाम्यातून दोन रेघा चिमट्यासारख्या फाकून निघतात. कारण असं की काही कण चालताना बुडबुडे सोडतच नाहीत. गुपचूप येतात, गुपचूप जातात. वाटेत मोडले, तर त्यांचे दोन तुकडे तेवढे रेघा ओढतात. कण मोडला म्हणून कळायचं की तो होता. साहेबांना हे चिमटे मोजायचे होते. किती मोडतात, किती वेळाने मोडतात, यावरून म्हणे तो कण आतून कशाचा बनलाय ते कळणार होतं.

पहिल्या वर्षी धाकटीला हे ऐकून रात्री झोप यायची नाही. भांडी घासताना ती हातातल्या पातेल्याकडे बघत राहायची. हेही त्याच विटांचं, साबणही त्याच विटांचा, आपला हातही. मग दिवस गेले, पोरी झाल्या, सासरे पडले. आता कुणी विचारलं तर ती सांगायची, "विटा कुठल्याही असोत, घासायचं ते आपल्यालाच."

तिला इथे आणली ती थोरलीने. थोरली म्हणजे तिची मोठी जाऊ. या हॉलमध्ये अगदी सुरुवातीला ज्या बायका लागल्या, त्यांतली ती एक. तिचा नवरा, म्हणजे धाकटीचा मोठा दीर, लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला. मूलबाळ नाही. माहेरी जायचं तर तिथे भावजयांचं राज्य. सासरी राहिली, आणि कुणाचं मिंधं राहायला नको म्हणून ही नोकरी धरली. धाकटी नवी नवरी होऊन आली तेव्हा थोरलीने तिला स्वयंपाकघर समजावून दिलं, सासऱ्यांचे रागलोभ समजावून दिले, आणि वर्षभराने हात धरून या हॉलमध्ये आणून बसवलं. "घरात दोन बायका दिवसभर असल्या की भांड्याला भांडं लागणार. आळीपाळीने एक घरी, एक इथे असलेली बरी," ती म्हणाली होती.

आता इथली एक रीत सांगायला हवी, तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. प्रत्येक रीळ दोघींनी बघायचं. सकाळच्या पाळीतली एक, दुपारच्या पाळीतली दुसरी. दोघींनी आपापले चिमटे आपापल्या तक्त्यावर लिहायचे, आणि एकमेकींशी त्या रिळाबद्दल चकार शब्द बोलायचा नाही. साहेबांनी हे समजावलं होतं ते त्यांना शोभेलसं सोपं करून: "समजा, धान्यातले खडे निवडायचेत. एकीने निवडून, किती ते न सांगता, खडे परत टाकले. मग दुसरीने निवडले. दोघींना बहुतेक तेच खडे सापडले, तर समजायचं, राहिलेले थोडे. हिला वेगळे आणि तिला वेगळे सापडले, तर समजायचं, अजून पुष्कळ राहिलेत. पण दुसरीला पहिलीने बोट दाखवलं, तर? मग काहीच समजत नाही."

बायकांनी माना डोलावल्या होत्या. थोरली-धाकटीची जोडी लागली ती मात्र साहेबांच्या अकलेने. एकाच घरातल्या दोघींना एका रिळावर कसं ठेवता, असं कारकुनाने विचारलं तेव्हा साहेब हसून म्हणाले होते, "अहो, जावा आहेत त्या. एक पांढरं म्हणाली की दुसरी काळं म्हणणार. याहून वेगवेगळी माणसं मला कुठे मिळणार?"

साहेब अविवाहित होते. त्यांना कोण सांगणार.

तर अशी धाकटी सकाळी, थोरली दुपारी. मधे फाटकापाशी दोघींची गाठ पडायची. धाकटी बाहेर पडायची, थोरली आत शिरायची. तिथेच घराची किल्ली थोरलीच्या हातातून धाकटीच्या हातात. "मामंजींना औषध दिलंय. दूध तापवायचं राहिलंय. लहानीचा फ्रॉक उसवलाय, बघ जमलं तर." एवढं बोलून दोघी आपापल्या वाटेला. दमलेल्या बायका जास्त बोलत नाहीत.

थोरलीच्या डोळ्यांचं धाकटीच्या लक्षात आलं ते घरी. एका रविवारी थोरली ओल्या फडक्याने फरशी पुसत होती. एका जागी बसून पुसत राहिली. मग सरकली, आणि पुन्हा तिथेही तेच. धाकटी जवळ गेली.

"काय हो ताई, काय सांडलंय?"

"हा डाग बघ ना, निघतच नाही."

फरशी स्वच्छ होती. धाकटीच्या ध्यानात आलं. डाग फरशीवर नव्हता, थोरली जिकडे बघेल तिकडे तो तिच्या नजरेबरोबर चालला होता. नेमका मधोमध. कडेचं सगळं दिसत असणार, पण जिथे नजर रोखावी तिथेच अंधार.

"डॉक्टरांना दाखवा ना एकदा."

"दाखवीन गं. काय घाई आहे." थोरलीने फडकं पिळलं, आणि विषय संपला. या घरात सगळे विषय असेच संपायचे.

पण हॉलमध्ये संपणार नव्हता. दर आठवड्याला साहेब दोन्ही पाळ्यांचे तक्ते शेजारी ठेवून ताळा बघायचे. बायका त्याला जुळणी म्हणायच्या. थोरली-धाकटीची जुळणी हॉलमध्ये चांगल्यांत गणली जायची, ती ढासळायला लागली. एक दिवस साहेबांनी धाकटीला थांबवून, जरा अवघडून विचारलं, "दुपारच्या बाईंना घरी काही त्रास आहे का? त्यांचे बरेच सुटताहेत. असंच चाललं तर मला त्यांना खालच्या गुदामात घ्यावं लागेल, डबे लावायला. त्यांना वाईट वाटेल, पण माझाही नाइलाज आहे."

धाकटी घरी आली ती सुन्न होऊन. थोरलीचं या जगात स्वतःचं असं काय होतं? खोली होती, ती पोरी मोठ्या झाल्यावर त्यांना दिली. दागिने नवऱ्याच्या आजारपणात गेले. राहता राहिलं ते एक टेबल. त्या टेबलाच्या खुर्चीवर तिने हाताने शिवलेली उशी होती, आणि नव्या मुली आल्या की त्यांना शिकायला तिच्याच शेजारी बसवायचे. घरात ती काकू होती, वहिनी होती, सून होती. तिथे ती नुसती ती होती. ते टेबल गेलं, तर ही बाई चार महिन्यांत विझेल, असं धाकटीला वाटलं.

आणि खरं सांगायचं तर, क्षणभर असंही वाटलं, की थोरली घरी बसली तर आपल्याला जरा पाठ टेकता येईल. सासऱ्यांचं ती करेल, दुधाचं ती बघेल. हा विचार आला आणि धाकटीला स्वतःची इतकी शरम वाटली, की पुढे जे केलं ते निम्मं त्या शरमेपोटी केलं.

दुसऱ्या दिवशी फाटकापाशी किल्ली देताना थोरली म्हणाली, "मामंजी जेवलेत. भाजी चिरून ठेवलीये." किल्ली घेऊन धाकटी जराशी थांबली, आणि त्याच सुरात, खालच्या आवाजात त्या दिवशीच्या रिळातल्या चिमट्यांच्या फोटोंचे आकडे सांगून टाकले. कोणत्या फोटोत, वर की खाली, डावीकडे की उजवीकडे.

थोरली तिच्याकडे बघत राहिली. बघत म्हणजे, चेहरा किंचित वळवून, कडेने. रागावेल, असं धाकटीला वाटलं. रडेल, असंही वाटलं. ती नुसती म्हणाली, "बरं." आणि आत गेली.

त्या 'बरं'वर पुढचं वर्ष चाललं. थोरलीला कागद लागायचा नाही. कुणाच्या लग्नात कुणाला कुठली साडी दिली, हे ती अजून घडाघडा सांगायची, तिथे आकड्यांची काय कथा. रोज किल्लीबरोबर आकडे या हातातून त्या हातात जात राहिले. ना कुणी आभार मानले, ना कुणी माफी मागितली.

जुळणी वर आली. मग आणखी वर आली. मग इतकी सुरेख झाली की साहेब खूश होऊन हॉलभर सांगत सुटले, "बघा, दोन माणसं स्वतंत्रपणे इतकी जुळली म्हणजे सुटलेलं जवळजवळ काहीच नाही." खरं तर त्यांना तिथेच खटकायला हवं होतं. पण चांगली बातमी उकरून बघायला कुणाला सवड असते? त्यांनी आकडे दुसऱ्या शहरांतल्या आपल्या जोडीदारांना कळवून टाकले. त्या कणाचं अमुक असं असतं, खात्री आहे.

इकडे धाकटी थकतच चालली होती. सासऱ्यांना कुशीवर वळवताना पाठ धरायची. टेबलावर बसलं की रेघा एकमेकींत मिसळायच्या. पायाला पेडलची सवय झालेली, डोळे मिटले तरी पाय दाबत राहायचा, आणि ती दचकून जागी व्हायची तोवर काही फोटो पुढे निघून गेलेले असायचे. मागे फिरून बघायचा कंटाळा यायचा. दुपारी दुसरी पाळी आहेच की, असं पूर्वी मनाला समजावता यायचं. आता तेही खोटंच होतं, पण सवयीने ती तेच समजावत राहिली.

मग एका सकाळी साहेबांनी तिला टेबलावरून उठवून आपल्या खोलीत बोलावलं. त्यांचा चेहरा उतरलेला होता. दुसऱ्या प्रयोगशाळेत याच फिल्मच्या प्रती काढून तिथल्या बायकांनी नव्याने बघितल्या होत्या. त्यांना चिमटे पुष्कळ जास्त सापडले होते. थोडेथोडके नव्हे.

"सकाळच्या पाळीत सुटले असतील, मान्य," साहेब म्हणाले. "माणूस आहे, सुटतं. पण मग त्यांतले काही तरी दुपारच्या पाळीत सापडायला हवे होते. म्हणून मी दुपारचे तक्ते काढले. वर्षभरात त्यांचा स्वतःचा असा एकही चिमटा नाही. तुमचे जेवढे, तेवढेच त्यांचे. एक जास्त नाही. असं होत नसतं हो."

धाकटी उभी होती ती खुर्चीत बसली. आणि सांगितलं. डोळ्यांचं, डागाचं, फाटकाचं, किल्लीचं. रडली नाही, रडायलाही अंगात थोडी ताकद लागते. साहेब ऐकत होते. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले, आणि बराच वेळ चष्मा परत घातलाच नाही.

"वर्षाचं काम गेलं," ते शेवटी म्हणाले. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. "आणि गंमत बघा, त्यांचे सुटत होते तेव्हा ते कळत होतं. सुटणाऱ्याचा हिशेब धरता येतो मला. सांगून लिहिलेल्याचा नाही धरता येत."

"माझे सुटलेत ना साहेब. मला काढा. त्यांना नका."

"दुपारी दोघी या," साहेब म्हणाले.

फाटकापाशी धाकटीने थोरलीला सगळं सांगितलं. किल्ली थोरलीच्याच मुठीत राहिली. थोरलीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुठले सुटलेत म्हणतात? मला बघायचेत."

हॉलमध्ये त्या दोघी पहिल्यांदाच एका टेबलापाशी उभ्या राहिल्या. साहेबांनी थोरलीला तिच्या उशीवर बसवलं, आणि सुटलेल्या फोटोंतला एक लावला. काठ्या होत्या, भोवरे होते, कोपऱ्यात एक झाडू. साहेबांनी बोट दाखवायला हात पुढे केला, तोच थोरली म्हणाली, "थांबा." मान वळवली, कडेने बघितलं, जराशी खाली झुकली, आणि तिचं बोट हळूहळू सरकत गेलं. रेघांच्या गर्दीपलीकडे, मोकळ्या जागेत. तिथे चिमटा होता.

"हा पाहिला होता मी," ती म्हणाली.

साहेबांनी पुढचा लावला. तिला वेळ लागला, पण बोट पोचलं. "हाही पाहिला होता." त्याच्या पुढचा नाही सापडला. त्याच्या पुढचा सापडला.

"मग लिहिले का नाहीत?" साहेबांचा आवाज आता चढला होता. "बाई, हे लिहिले असते तर पहिल्याच महिन्यात मला कळलं असतं!"

थोरली गोंधळली. तिला प्रश्नच कळला नव्हता. धाकटीकडे हात करून ती म्हणाली, "हिने सांगितले नव्हते ना. माझ्या डोळ्यांना काय, नसलेले डागही दिसतात. हिची नजर तरणी. हिला दिसला नाही म्हणजे तो नसणारच, असं मी धरून चालले."

धाकटीने टेबलाची कड धरली. वर्षभर तिला वाटत होतं, आपण ताईंचं टेबल राखलं. राखलं होतं ते टेबल आणि ती उशी. त्यावर बसणारी बाई स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायची, तो विश्वास तिने रोज फाटकापाशी थोडा थोडा काढून घेतला होता, आणि वर स्वतःला चांगली जाऊ समजत होती.

साहेब खाली बसले. त्यांचा राग ओसरला होता. "तुम्हाला निम्म्याहून जास्त दिसतात," ते हळू आवाजात म्हणाले. "डोळे दाखवून घ्या, उपाय असेल तर करा. पण निम्मे दिसले तरी मला चालतील. फक्त तुमचे हवेत. तुम्हाला दिसतील ते लिहायचे, चुकले तरी चालेल. जमेल?"

"जमेल की," थोरली म्हणाली.

साहेबांनी नवीन डबा फोडला. अजून कुणीच न पाहिलेलं रीळ. पहिले काही फोटो रिकामे गेले. मग एक थांबला, आणि धाकटीला उभ्या उभ्या दिसलं: डाव्या बाजूला, मोकळ्या जागेत, स्वच्छ चिमटा.

थोरलीने मान वळवली. कडेने बघितलं. तिचं बोट उचललं गेलं, डावीकडे निघालं, अर्ध्या वाटेवर पोचलं, आणि थांबलं. तिने वर, धाकटीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

साहेब धाकटीकडे बघत होते. धाकटीने ओठ मिटले, चेहरा कोरा ठेवला, श्वाससुद्धा रोखून धरला. बोलायचं नाही हे तिला आता नीट कळलं होतं.

थोरलीने थोडा वेळ वाट पाहिली. मग हात परत मांडीवर ठेवला.

"यात काही नाही," ती म्हणाली, आणि तिच्या पायाने पेडल दाबलं.